काचेच्या बरणीवर डिकुपाज: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कॉफीची रिकामी बाटली, छान छापाचा एक पेपर नॅपकिन आणि फेविकॉल, एवढ्यावर डिकुपाज, म्हणजे कागदावरचं चित्र वस्तूवर चिकटवून वरून पारदर्शक थर देण्याचं काम, होतं हे खरं आहे. पण व्हिडिओत पाच मिनिटांत होताना दिसणारं काम घरी करायला गेलं की नॅपकिन फाटतो, सुरकुत्या पडतात, दुसऱ्या दिवशी कोपरे सुटतात आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून बरणी माळ्यावर जाते. यात हाताचा दोष फारसा नसतो. काचेचा स्वभाव माहीत नसतो, एवढंच.

लाकूड, पुठ्ठा, मातीचं भांडं या सगळ्या वस्तू पाणी पितात. त्यांच्यावर कागद चिकटवला की गोंदातलं पाणी थोडं खाली मुरतं, थोडं वरून उडून जातं. काच एक थेंबही पीत नाही. गोंदातलं सगळं पाणी कागदातूनच बाहेर पडायला हवं, आणि ते पडेपर्यंत कागद ओला, फुगलेला आणि नाजूक असतो. कागद पातळ का घ्यायचा, गोंद थोडा का लावायचा, दोन थरांमध्ये थांबायचं कशाला, उन्हात का ठेवायचं नाही, या सगळ्याचं उत्तर इथेच आहे. पुढची पायरी अडली की पुन्हा या मुद्द्यापाशी या.

१. वस्तू घरात काय काम करणार, ते आधी ठरवा

छाप आवडला म्हणून सुरुवात करू नका. बरणी कुठे राहणार, तिला पाणी लागणार का, आच लागणार का, हे आधी बघा.

पहिल्या कामासाठी सरळ भिंतीची, गुळगुळीत बरणी घ्या. कॉफीची किंवा जॅमची बाटली उत्तम. मधाच्या काही बाटल्या षटकोनी असतात, त्या तर फारच सोप्या, कारण प्रत्येक बाजू सपाट मिळते. ज्या काचेवर उठावाची नक्षी किंवा कंपनीचं नाव कोरलेलं असतं ती सध्या बाजूला ठेवा. त्या खळग्यांत हवा अडकते. गोल पोटाची फुलदाणीही नंतर.

पाणी प्यायचे ग्लास, कप आणि रोज घासायला पडणारी कुठलीही वस्तू यांच्या वाटेला जाऊ नका. डिकुपाजचा गोंद खाण्यापिण्याच्या संपर्कात यायला योग्य नसतो आणि रोजच्या धुण्यात तो टिकतही नाही. बरणीत डाळ, बडीशेप, साखर ठेवायची असेल तर काम फक्त बाहेरून करा आणि तोंडाखालचा दोन सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सोडा. झाकण फिरवताना नेमका तोच भाग घासला जातो.

दिवा करायचा असेल तर कागद नेहमी बाहेरच्या बाजूला, आणि काठाच्या वर कागदाचा धागाही येता कामा नये. आत सेलवर चालणारा एलईडी दिवा ठेवणं सगळ्यात चांगलं. मेणाचा दिवा ठेवायचाच असेल तर बरणी रुंद तोंडाची हवी आणि तो पेटलेला असताना खोलीत कोणीतरी हवं. तेलाची पणती यात ठेवू नका, तेल ओघळलं की कागदावर पसरणारा डाग जात नाही.

२. सामान गोळा करा

- काचेची बरणी किंवा बाटली
- कागद (याबद्दल पुढे सविस्तर)
- डिकुपाज गोंद, नाहीतर फेविकॉल एमआर
- पाऊण ते एक इंच रुंदीचा मऊ, चपटा, सिंथेटिक केसांचा ब्रश
- भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा
- पांढरा अॅक्रिलिक रंग
- लहान धारदार कात्री
- पातळ, मऊ प्लॅस्टिकची पिशवी किंवा क्लिंग फिल्म
- स्पिरिट आणि धागे न सुटणारं सुती फडकं
- ४०० नंबरचा पॉलिश पेपर
- पाण्यावर आधारित पारदर्शक अॅक्रिलिक वॉर्निश

पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर यातलं बहुतेक सगळं मिळतं. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त पडतो.

गोंदाबद्दल सगळ्यांना एकच प्रश्न असतो: महागडा डिकुपाज गोंद घ्यायलाच हवा का? या कामासाठी म्हणून तयार केलेला मॉड पॉज हा गोंद १९६७ साली अमेरिकेत जॅन वेटस्टोन या बाईंनी बनवला. तो चिकटवणारा गोंद, सीलर (कागद सीलबंद करणारा लेप) आणि वरचा थर अशी तिन्ही कामं करतो आणि जसा आहे तसाच वापरायचा असतो, त्यात पाणी घालायचं नाही. फेविकॉल एमआर हाही पांढरा, वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद. तो काचेवर जाड पडतो म्हणून दोन भाग फेविकॉलला एक भाग पाणी घालून सारखा करून घ्यावा. शिकताना मी फेविकॉलच सुचवते. हात मोकळा राहतो, फाटलं तर जीव हळहळत नाही. दोन्हींत सामाईक गोष्ट अशी, की वरून वॉर्निश नसेल तर पाणी लागल्यावर थर पांढुरका आणि चिकट होतो. तेव्हा वॉर्निश या यादीतून वगळू नका.

ब्रशवर मात्र पैसे वाचवू नका. भिंतीला रंग द्यायच्या राठ केसांच्या ब्रशने ओला टिश्यू हमखास फाटतो.

३. काच स्वच्छ करा, मग परत एकदा करा

लेबल काढायला बरणी गरम पाण्यात थोडा साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवा. कागद सहज निघतो, मागे चिकट राप राहतो. त्यावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा समसमान घेऊन केलेला लेप लावा, पंधरावीस मिनिटांनी काथ्याने किंवा मऊ घासणीने चोळा. तारेची घासणी नको. तिचे ओरखडे पारदर्शक कामात शेवटपर्यंत दिसत राहतात.

आता तेल लागलंय, ते काढायचंय. भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, पूर्ण कोरडी करा आणि शेवटी फडक्यावर स्पिरिट घेऊन बाहेरचा सगळा भाग पुसून काढा. लोणच्याची बरणी असेल तर झाकणाच्या आट्यांमध्ये तेल दडून बसतं, तिथे जुना टूथब्रश फिरवा. स्पिरिटनंतर काचेला बोटं लावायची नाहीत. आत हात घालून किंवा फक्त काठाला धरून उचला. बोटांच्या ठशांत तेलकटपणा असतो, आणि पुढे कागद सुटतो तो बरोबर तिथून.

बरणी ओट्यावर पालथी घालून काम करण्यापेक्षा एखाद्या उंच बाटलीवर ती उलटी अडकवून ठेवा. हात न लावता फिरवता येते आणि वाळवायलाही तशीच राहते.

४. कागद निवडा

या पायरीला घाई करू नका, कामाचं निम्मं यश इथे ठरतं.

पेपर नॅपकिन काचेसाठी सर्वांत योग्य. छापील नॅपकिन बहुधा दोन किंवा तीन पदरी असतात, आणि आपल्याला फक्त वरचा छापील पदर हवा असतो. तो वेगळा करायला कोपरा दोन बोटांत धरून हलकेच चोळा, पदर आपोआप सुटतात. नाहीच सुटले तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सेलोटेपचा एकेक तुकडा लावा आणि उलट दिशांना ओढा. खालचे पांढरे पदर सगळे निघाले का, हे उजेडात धरून बघा. एक पदर जरी मागे राहिला तरी चिकटतो तोच, आणि छापील भाग वरून सालीसारखा निघून येतो. नव्या मंडळींचं काम सगळ्यात जास्त इथेच फसतं.

जेवणाच्या नॅपकिनचं नेहमीचं माप ३३ सेंटिमीटर चौरस असतं. बरणीचा व्यास सात सेंटिमीटर असेल तर घेर साधारण बावीस सेंटिमीटर होतो, म्हणजे एका नॅपकिनमध्ये पूर्ण वेढा बसून वर तुकडे उरतात. दहा सेंटिमीटर व्यासापर्यंत एक नॅपकिन पुरतो. घेर आधी सुतळीने मोजा, मग कापा. घड्यांच्या रेषा दिसत असतील तर पदर वेगळा करण्याआधी अगदी मंद इस्त्री फिरवा.

डिकुपाजचा राइस पेपर हा दुसरा चांगला पर्याय. त्यात लांब तंतू असतात, त्यामुळे ओला झाला तरी फाटत नाही आणि एकदा ठेवल्यावर थोडा सरकवताही येतो. किंमत जास्त, पण घाबरत सुरुवात करणाऱ्याला तो धीर देतो.

गिफ्ट रॅपिंगचा पातळ कागद चालतो. चकचकीत, प्लॅस्टिकचा थर असलेला चालत नाही, कारण त्यातून पाणी बाहेर पडू शकत नाही. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरची पानं सुंदर असतात, पण जाड असल्यामुळे गोल काचेवर कडा उचलल्या जातात. त्यांतलं चित्र हवंच असेल तर पातळ कागदावर प्रत काढून घ्या. वर्तमानपत्राचा मूळ कागद टाळा. ओला झाला की पाठीमागचा मजकूर पुढे दिसू लागतो आणि काही काळाने कागद पिवळा पडतो.

प्रत काढताना एक गोष्ट सांभाळा. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते, गोंद लागताच रंग पसरतो. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘लेझर प्रिंट’ असं स्पष्ट सांगून घ्या. लेझरमध्ये शाई नसून प्लॅस्टिकची भुकटी उष्णतेने कागदावर बसवलेली असते, ती पाण्याला दाद देत नाही. शंका असेल तर कोपऱ्यावर ओलं बोट घासून बघा.

आजीचं पत्र, आजोबांचा फोटो, जुनी पाककृती असं काही बरणीवर लावायची कल्पना फार गोड आहे आणि मला मनापासून आवडते. पण मूळ कागद कधीही लावू नका. लेझर प्रत लावा आणि मूळ कागद फाइलमध्ये जपून ठेवा. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसच्या जुन्या छापील चित्रांच्या बाबतीतही हेच. आणि देवादिकांची चित्रं लावायची असतील तर ही बरणी पुढे कुठे ठेवली जाईल, फुटली तर तिचं काय होईल, याचा विचार आधी करा. मी अशा बरण्यांवर फुलं, पानं, पैठणीचे मोर, वेलबुट्टी यांपलीकडे जात नाही.

५. पार्श्वभूमी: पांढरी की पारदर्शक?

नॅपकिनचा एक पदर गोंद लागल्यावर अर्धपारदर्शक होतो. हातात पांढरा दिसणारा भाग काचेवर जवळजवळ नाहीसा होतो आणि आतली डाळ, आतलं पाणी त्यातून दिसू लागतं. हे कधी हवं असतं, कधी नको असतं.

दिव्यासाठी हवं. काच तशीच ठेवा, प्रकाश लागला की रंग उमलून येतात.

साठवणाच्या बरणीसाठी आधी पांढऱ्या किंवा मोतिया अॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्या. ब्रशने ओढू नका, काचेवर रेघा पडतात. स्पंजचा तुकडा रंगात हलका बुडवून थापत जा. पहिला हात विरळ, डागाडागांचा दिसेल. घाबरू नका, दुसऱ्यात भरून येतो. साधा अॅक्रिलिक रंग काचेवर नखाने खरवडला जातो, म्हणून दुसऱ्या हातानंतर रात्रभर वाळू द्या आणि मगच वर काम करा. काचेसह सर्व पृष्ठभागांसाठीचा मल्टिसरफेस रंग मिळाला तर तोच घ्या, त्याची पकड चांगली असते.

मनी प्लँटच्या बाटलीसाठी एक युक्ती आहे. पारदर्शक बाटलीत उजेडामुळे शेवाळ धरतं. पांढरा रंग आणि कागद लावल्यावर उजेड कमी जातो, शेवाळही कमी होतं. फक्त एका बाजूला बोटभर रुंदीची उभी पट्टी कोरी सोडा, पाणी किती उरलंय ते दिसायला. ही पट्टी रंगवाल्यांच्या कागदी चिकटपट्टीने सुरुवातीलाच झाकून ठेवा आणि काम ओलसर असतानाच ती सोडवा, म्हणजे कड स्वच्छ येते.

६. कागद चिकटवा

पंखा बंद करा. एक पदराचा टिश्यू वाऱ्याच्या झुळकीने उडतो आणि जिथे पडेल तिथे चिकटतो.

*चित्राची कड.* एकेक फूल किंवा पक्षी लावायचा असेल तर कात्रीऐवजी ओल्या ब्रशने चित्राभोवती पाण्याची रेघ काढा, क्षणभर थांबा आणि दोन्ही बाजूंनी हलकं ओढा. कागद त्या रेघेवर अलगद सुटतो आणि कडेला बारीक तंतू राहतात. हे तंतू काचेवर विरून जातात, त्यामुळे चित्र वरून चिकटवलेलं न वाटता रंगवल्यासारखं दिसतं. कात्रीची सरळ कड मात्र शेवटपर्यंत उठून दिसते.

*नॅपकिन लावायची पद्धत.* टिश्यू कोरडाच काचेवर ठेवा, जागा नक्की करा. ब्रशला बेताचा गोंद घ्या, ओघळ येईल इतका नको. चित्राच्या मधोमध ब्रश टेकवा आणि बाहेरच्या बाजूला एकदाच न्या. गोंद टिश्यूतून झिरपून काचेपर्यंत जातो. पुन्हा मधून सुरुवात, पुन्हा बाहेर, जसं छत्रीच्या काड्या मधल्या दांड्यापासून निघतात. त्याच ओल्या जागेवर दुसऱ्यांदा ब्रश फिरवायचा नाही. ओला टिश्यू ताणला जातो, ताणला की सुरकुती, आणि सुरकुती सरळ करायला गेलात की भोक.

सुरकुती पडलीच तर ब्रश खाली ठेवा. वरून प्लॅस्टिकची पातळ पिशवी ठेवून बोटाच्या पेराने मधून कडेकडे हळू दाबत न्या. प्लॅस्टिक टिश्यूला चिकटत नाही, त्यामुळे बोटाबरोबर कागद ओढला जात नाही. दाबल्यावर पिशवी कडेपासून, काचेला जवळजवळ समांतर ठेवून सोलून काढा. बारीक सुरकुत्या तरीही उरतील. वॉर्निश झाल्यावर त्या टिश्यूच्या पोताचाच भाग वाटतात, त्यांच्या मागे लागू नका.

*पूर्ण वेढा द्यायचा असेल तर* एकदम गुंडाळू नका. एक उभी कड आधी लावा, दोन इंच पुढे जा, दाबा, परत दोन इंच. सांधा येईल तिथे दोन-तीन मिलिमीटरचा एकावर एक भाग ठेवा आणि तो बरणीच्या मागच्या बाजूला येईल असं सुरुवातीलाच बघा.

*राइस पेपर आणि इतर कागद.* इथे काचेवरही गोंद आणि कागदावरही गोंद. गिफ्ट रॅपचा किंवा प्रिंटचा कागद लावण्याआधी त्याच्या पाठीवर ओला स्पंज फिरवून मिनिट-दोन मिनिटं थांबा. कागद पाण्याने फुगतो. तो फुगून झाल्यावर लावला तर काचेवर फुगत नाही. कोरडा लावला तर गोंदाचं पाणी पिऊन जागच्या जागी फुगतो, आणि बुडबुडे येतात ते त्यामुळे.

*बाटलीचे खांदे.* कागद एकाच दिशेने वळतो. बाटलीचा खांदा एकाच वेळी दोन दिशांना वळलेला असतो, म्हणून तिथे कितीही जपलं तरी चुण्या पडणारच. वरच्या कडेला दर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर उभ्या चिरा द्या आणि एकेक पाकळी थोडी एकमेकींवर चढवत बसवा. मानेसाठी नॅपकिनचे हाताने फाडलेले नाण्याएवढे तुकडे वापरा. फाडलेल्या कडा एकमेकींत मिसळून जातात.

काम झाल्यावर ब्रश लगेच कोमट पाण्यात धुवा. तासाभरानंतर तो कडक होतो आणि पुढच्या कामात टिश्यू फाडतो.

७. वाळू द्या आणि थर चढवा

लावल्या लावल्या सगळं दुधाळ दिसेल. गोंद ओला असताना पांढरा असतो, त्याचा रंग बघून काळजी करू नका. साधारण अर्ध्या तासात स्पर्शाला कोरडं वाटतं, पण पुढचा थर किमान तासाभराने, पावसाळ्यात तीन-चार तासांनी. कागदाखाली कुठे पांढरा ढग दिसत असेल तर तिथे अजून पाणी आहे, थांबा.

उन्हात किंवा गरम ड्रायरखाली ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. वरचा थर आधी सुकून त्याची कातडी बनते आणि खालचं पाणी आत कोंडलं जातं. काचेत ते मुरू शकत नाही, मग फोड धरतो. सावलीत, मंद पंख्याखाली वाळवा.

फेविकॉल असो की डिकुपाज गोंद, वरून दोन-तीन पातळ थर द्या. एक थर आडवा, पुढचा उभा. हे थर पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा आणि सांधा अगदी हलक्या हाताने घासा, फडक्याने भुकटी पुसा आणि शेवटचा थर द्या. याआधी पॉलिश पेपर हातात घेऊ नका, टिश्यूवर पुरेसं कवच नसतं.

८. वॉर्निश

गोंदाचे थर एक-दोन दिवस वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक वॉर्निश घ्या. तेलाच्या वॉर्निशने पांढरा भाग कालांतराने पिवळसर होतो. स्प्रेचा डबा वापरत असाल तर गॅलरीत किंवा गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून मारा. जवळून एकाच जागी मारला की ओघळ ठरलेला.

वॉर्निश कागदाच्या कडेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर उघड्या काचेवर गेलं पाहिजे. पाणी आत शिरतं ते कडेतूनच, विशेषतः तळाच्या कडेतून, कारण ओल्या ओट्यावर बरणी ठेवली की पाणी तिथे साचतं. तळाला वॉर्निशचा एक हात जास्त द्या.

झाल्यावर बरणी वापरात आणण्याची घाई नको. हाताला कोरडं लागलं तरी गोंद आतून पूर्ण पक्का व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर दोन बरण्या एकमेकींना टेकवून ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. चिकटल्या तर रंग निघून येतो.

९. ताटलीसाठी उलटं डिकुपाज

काचेच्या पारदर्शक ताटलीवर चित्र पाठीमागून लावायचं आणि पुढून बघायचं. हे बरणीपेक्षा अवघड वाटतं, पण पृष्ठभाग सपाट असल्यामुळे अनेकांना जास्त जमतं. १८५० च्या दशकात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये अशाच एका छंदाचं वेड पसरलं होतं: काचेच्या फुलदाणीत आतून रंगीत चित्रं चिकटवायची, त्यामागे रंग भरायचा, आणि बाहेरून ती चिनीमातीची भासायची. मार्ग तोच.

इथे गोंद चित्राच्या छापील बाजूला लागतो आणि ती बाजू काचेला चिकटते. त्यामुळे लेझर प्रिंटच हवं. ताटलीच्या पाठीवर पातळ गोंद लावा, ओलावून घेतलेलं चित्र ठेवा, आणि लगेच ताटली उलटून पुढून बघा. हवा राहिली असेल तिथे चंदेरी ठिपका दिसतो. पाठीमागून बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, मधून बाहेर, तो ठिपका हाकलून द्या. ओला असतानाच हे होतं. वाळलेला ठिपका जात नाही. एक पूर्ण दिवस वाळू द्या, कारण काच आणि कागद यांच्यामधलं पाणी फक्त पाठीकडूनच निघतं. मग जास्तीचा कागद कडेने कापा, पाठीवर एका रंगाचा अॅक्रिलिक थर आणि त्यावर वॉर्निश.

उलट्या कामात क्रम उलटा असतो: जे सगळ्यात पुढे दिसायला हवं ते सगळ्यात आधी चिकटवायचं. पक्षी फांदीवर बसलेला हवा असेल तर आधी पक्षी, मग फांदी, मग पार्श्वभूमी.

अशा ताटलीत लाडू-चिवडा ठेवता येतो, कारण खाण्याला लागते ती कोरी काच. नंतर पुढची बाजू ओल्या फडक्याने पुसा. सिंकमध्ये बुडवायची नाही, मायक्रोवेव्हमध्येही ठेवायची नाही.

१०. बिघडलं तर

*कोपरा सुटलाय:* टूथपिकने आत गोंद सोडा, प्लॅस्टिकवरून दाबा, तासभर रबरबँडने बांधून ठेवा.

*बुडबुडा वाळून घट्ट झालाय:* पातळ ब्लेडने बारीक चीर द्या, चिरेतून गोंद सरकवा, दाबा, वरून एक थर.

*टिश्यूला भोक पडलंय:* त्याच नॅपकिनचा फाडलेला तुकडा वरून लावा. वाळल्यावर शोधूनही सापडत नाही.

*थर चिकट राहतोय:* हवा दमट असेल तर कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवा. तरीही राहिला तर वॉर्निशचा आणखी एक पातळ हात द्या.

*मनासारखं झालंच नाही:* वॉर्निश दिलं नसेल तर बरणी गरम साबणाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा. गोंद मऊ होऊन कागद आणि रंग दोन्ही सुटतात आणि काच पहिल्यासारखी कोरी हाती येते. लाकडावर ही सोय नाही.

११. भेट द्यायची असेल तर

हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोट्या बरण्या करायचा विचार असेल तर संक्रांतीच्या आधीचा आठवडा धरून चालणार नाही. गोंद पक्का व्हायला लागणारा महिना मोजा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसा. दिवाळीच्या दिव्यांसाठी पाऊस ओसरला की, नवरात्राच्या सुमारास हात घाला.

वाण म्हणून देताना प्रत्येक बरणीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा: ‘बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. पाण्यात बुडवू नका, घासणी लावू नका.’ घेणारी बाई घरी गेल्यावर नवी बरणी म्हणून सगळ्यात आधी ती धुवायलाच घेईल, म्हणून आत हलवा किंवा तिळगूळ भरूनच द्या.